राणीच्या जत्रेत नऊवारी चालेल का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या रेनेसान्स फेअरवर एक छोटं टिपण छापलं होतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं गाव उभं करून भरवलेली जत्रा, जिथे लोक त्या काळचे कपडे घालून येतात आणि दिवसभर त्या काळातले असल्यासारखे वावरतात. त्यावर पुण्यातून इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न तिकडे जाणाऱ्यांचे आहेत, पण बरेचसे आपल्याकडे असं काही करता येईल का असे आहेत, आणि मला ते वाचून फार बरं वाटलं.

"माझी मुलगी ह्यूस्टनला असते. ऑक्टोबरमध्ये मी जाणार आहे तर ती म्हणते आई तुला टेक्सासच्या रेनेसान्स फेअरला नेणार. तिथे नक्की करायचं काय असतं? वेश करावाच लागतो का? माझ्याकडे आईची नऊवारी आहे, ती नेसले तर विचित्र दिसेल का? आणि मी शाकाहारी, शिवाय गुडघ्यांचा त्रास." (कोथरूडच्या एक आजी)

आजी, नेसा, अगदी बिनधास्त नेसा. वेशाची सक्ती नसते, कितीतरी लोक जीन्स-टीशर्टवर येतात, आणि ज्यांना तिथे गेल्यावर हौस येते त्यांच्यासाठी भाड्याचे कपडेही बऱ्याच जत्रांमध्ये मिळतात. पण तुमच्या नऊवारीला तिथे हक्काची जागा आहे असं मला मनापासून वाटतं, का ते सांगते. ह्यातल्या बऱ्याच जत्रा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं गाव दाखवतात. ती गादीवर होती १५५८ ते १६०३, म्हणजे आपल्याकडे पैठणला एकनाथ महाराज होते तो काळ, महाराज १५९९ ला गेले. आणि ह्याच राणीने ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, आणि पुढे त्याच कंपनीने १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. तर राजा-राणीची मिरवणूक समोरून चाललीय आणि रस्त्याच्या कडेला पुण्याची एक बाई आईच्या नऊवारीत उभी आहे, हे चित्र मला फार आवडतंय.

आता करायचं काय ते. टेक्सासची जत्रा टॉड मिशन नावाच्या गावी भरते, ह्यूस्टनहून साधारण ८० किलोमीटर, १९७४ पासून चालू आहे, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग येतं तोवर, मुख्यतः शनिवार-रविवारी असते. प्रत्येक वीकेंडची थीम वेगळी, कधी समुद्री चाचे, कधी जर्मन ऑक्टोबरफेस्ट, कधी स्कॉटलंड, त्यामुळे मुलीला आधी बघायला सांगा की तुम्ही जाल तेव्हा काय आहे. घोड्यावर बसून लांब भाल्यांनी झुंजतात तो खेळ सगळे बघतातच, तुम्हीपण बघा, घोडे जवळून धावत जातात तेव्हा पायाखालची जमीन हलते. पण माझं ऐकाल तर दिवसाचा मोठा भाग कारागिरांपाशी काढा. लोहार भाता चालवून लोखंड तापवतो, कोणी काच फुंकतं, कोणी लोकर पिंजून चाकावर सूत काढतं, आणि ही माणसं तासन्‌तास बोलायला तयार असतात. तिथे वेशात जी माणसं कामाला असतात ती भूमिका सोडत नाहीत, तुम्हाला "माय लेडी" म्हणतील, तर त्यांना साधे घरगुती प्रश्न विचारा, आज सकाळी काय खाल्लंस, कपडे कोण धुतं, पाणी कुठून आणतोस, आजारी पडलास तर कोणाकडे जातोस. चांगला कलाकार असेल तर अशी उत्तरं मिळतात की तुम्ही घरी येऊन मैत्रिणींना सांगत बसाल. राणीबद्दल विचारलं तर ठरलेलं भाषण ऐकायला मिळतं, धुण्याबद्दल विचारलं की खरा माणूस बोलायला लागतो.

खाण्याचं म्हणाल तर भाजलेलं कणीस, चीज, प्रेट्झेल, बटाटा, गोड पदार्थ ह्यावर दिवस निघतो, पण बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का ते आधी नक्की बघून घ्या, बहुतेक जत्रा नेऊ देत नाहीत. रस्ते मातीचे-खडीचे असतात, ऑक्टोबरात तिथे चांगलं ऊन असतं आणि पाऊस झाला तर चिखल, म्हणून नऊवारीखाली स्पोर्ट्स शूज घाला आणि अजिबात संकोच करू नका. गेट उघडताना आत शिरा, दुपारी एखाद्या नाटकाच्या बाकड्यावर सावलीत बसा, सगळं बघून संपवायचंय असं डोक्यात ठेवू नका.

"रील्समध्ये बघितलं की सगळे टर्कीची एवढी मोठी तंगडी हातात धरून फिरतायत, बाजूला पऱ्या, चाचे, ड्रॅगन. ह्यात रेनेसान्स कुठेय? मी इतिहास घेऊन बीए करतोय, असल्या गोष्टींना सिरियसली का घ्यायचं?" (सदाशिव पेठ)

तुझा प्रश्न रास्त आहे आणि तुझ्या यादीत मी भरच घालेन. टर्की हा पक्षी मुळात अमेरिकेचा, मेक्सिकोकडे माणसाळवलेला, युरोपात तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला, त्यामुळे एलिझाबेथच्या इंग्लंडात टर्की होता हे खरं, पण तो पैसेवाल्यांच्या सणाच्या ताटात, हातात तंगडी धरून जत्रेत हिंडणं हे आत्ताचं. मक्याचं कणीस आणि बटाटा हेही अमेरिकेतून आलेले, बटाटा तर तेव्हा इंग्लंडात नवलाईची चीज होती. साधा माणूस खायचा ते पातळ-घट्ट शिजवलेलं धान्य-भाजीचं कालवण आणि जाडाभरडा पाव, आणि प्यायचा पातळ बिअर, घरोघरी, मुलंसुद्धा. जेवायला सुरी, चमचा आणि बोटं. काट्याने जेवायची पद्धत इंग्लंडात तेव्हा नव्हतीच म्हणायला हरकत नाही, टॉमस कोरियट नावाचा प्रवासी इटलीत लोकांना काट्याने जेवताना बघून आला आणि १६११ मध्ये त्याने ते नवल म्हणून लिहिलं. कपड्यांचंही तसंच, बाहेरून नाडी आवळलेलं ते कॉर्सेट आज जत्रेत सगळीकडे दिसतं, ते त्या काळापेक्षा सिनेमाच्या जवळचं. आणि जांभळं रेशीम, सोन्याच्या जरीचं कापड हे कोणी घालायचं ह्याचे कायदे होते, १५७४ चा राणीचा जाहीरनामा त्यासाठीच प्रसिद्ध आहे, म्हणजे आज जत्रेत मखमल घालून फिरणारे निम्मेअधिक लोक तेव्हा दंडाला पात्र ठरले असते. आपल्याकडेही पालखीत बसायचा मान सरकारातून मिळाल्याशिवाय कोणी पालखीत बसत नव्हतं, तर हे तुला नवीन नाही.

तरीही सिरियसली घे, आणि कारण ह्या प्रकाराच्या सुरुवातीतच आहे. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने आणि तिचा नवरा रॉन ह्याने पहिली जत्रा भरवली. त्याआधी ती घराच्या अंगणात मुलांकडून जुनी इटालियन रस्त्यावरची नाटकं करून घेत होती, आणि पहिली जत्रा झाली ती श्रोत्यांच्या देणगीवर चालणाऱ्या एका रेडिओ स्टेशनला निधी म्हणून. म्हणजे मूळ विचार मास्तरणीचा आहे, मुलांना पुस्तकातलं अंगाने कळावं हा. पुढे त्यात धंदा आला, पऱ्या आल्या, ते मान्य, पण तो मूळ गाभा अजून कारागिरांकडे आणि काही हौशी मंडळींकडे टिकून आहे, जे हाताने शिवलेले कपडे घालतात, टाकासुद्धा त्या काळचा घालतात आणि तुला पुरावा विचारला तर पुरावा देतात. त्या काळच्या माणसाचा आतला लिननचा अंगरखा सारखा धुतला जायचा आणि वरचे लोकरीचे कपडे क्वचितच, बाह्या वेगळ्या असायच्या आणि नाड्यांनी बांधायच्या, हे वाचून तू परीक्षेत लिहू शकतोस. पण कोणाची तरी मदत घेतल्याशिवाय कपडे चढवताच येत नाहीत हे एकदा करून बघितलंस की त्या काळातल्या घरात एवढी माणसं का लागायची हा प्रश्न तुझा तुला पडतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्वतःहून पडलेल्या प्रश्नाएवढं मोलाचं काही नसतं.

"मुलगा १० वर्षांचा आहे, काकाकडे न्यूयॉर्कला जाणार आहे आणि तिथल्या फेअरला तलवार घेऊन जायचं म्हणतोय. नेऊ देतात का?" (हडपसर)

खरी धारदार असेल तर विसरा. वेशाचा भाग म्हणून तलवार असली तर बहुतेक जत्रांचा नियम असा की ती म्यानात हवी आणि गेटवर मूठ-म्यान दोरीने किंवा पट्टीने बांधून देतात, दिवसभर उपसायची नाही, म्हणजे नाही. लहान मुलांना तिथेच लाकडी तलवारी विकत मिळतात आणि मुलांसाठी खेळ-स्पर्धाही असतात. विमानात इथून काही नेऊ नका. नियम प्रत्येक जत्रेचे वेगळे असतात तर काकाला वेबसाइट बघायला सांगा.

"आम्ही शाळेत दर वर्षी ऐतिहासिक दिवस करतो. मुलं मावळे होतात, एक मुलगा महाराज, एक मुलगी जिजाऊ, पोवाडा, फोटो, संपलं. तुमचं टिपण वाचून वाटलं की ह्या वर्षी जुन्या पुण्यातला रोजचा दिवस करावा. कुठून सुरुवात करू? बजेट जवळपास नाहीच." (सिंहगड रोडच्या एका शाळेतल्या बाई)

बाई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती यादी करत बसले होते, इतका आनंद झाला. आपल्याकडे वेश करायची हौस काय कमी आहे का, शिवजयंतीला बघा, ६ जूनला रायगडावर बघा, फेटे, नऊवारी, ढाल-तलवारी, सगळं असतं आणि ते असावंच. पण त्या गर्दीत जो तो राजा, सरदार नाहीतर मावळा असतो. पाणी भरणारा कोणी नसतो, दळणारी कोणी नसते, हिशेब लिहिणारा कारकून नसतो. आणि राज्य चालायचं ते ह्यांच्यावर. म्हणून माझी पहिली विनंती, सिंहासन नको. एक दिवस गादीशिवाय करून बघा.

दुसरं, एक साल पकडा. "जुना काळ" असं धरलंत तर शिवकाल, पेशवाई आणि आजोबांचं लहानपण सगळं एकत्र होतं आणि कंदील, समई, पितळी स्टोव्ह एका टेबलावर येतात. मी १७५५ सुचवेन. नानासाहेब पेशव्यांचं पुणं, शहर वाढतंय, नव्या पेठा बसतायत, आणि कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळातून नुकतंच शहरातल्या हौदांपर्यंत आलंय. एवढी पार्श्वभूमी मुलांना आदल्या आठवड्यात सांगितली की पुरे. मग दिवसभर जे जे वापरणार त्याला एकच प्रश्न लावा, हे १७५५ ला पुण्यात होतं का? हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या, ती तुमच्यापेक्षा कडक परीक्षक होतात.

कपड्यांवर पैसे घालवू नका, भाड्याचे चमचमते ड्रेस तर अजिबात नकोत. मुलांना घरातलं साधं सुती धोतर किंवा पंचा आणि बंडी, मुलींना परकर-चोळी, मोठ्या मुलींना आजीची सुती साडी. शिवलेली नऊवारी नको, कारण नेसायला शिकण्यातच मजा आहे. आणि एक नियम ठेवा की सेफ्टी पिन वापरायची नाही. सेफ्टी पिनचं पेटंटच १८४९ चं आहे. पिन काढून घेतली की निऱ्या कशा खोचायच्या, कासोटा कुठे घट्ट हवा, पदर कसा राहतो हे सगळं हाताला शिकावं लागतं, आणि त्या काळच्या बायका असंच नेसून पाणी आणायच्या, दळायच्या, पायी चालायच्या हे मुलींना स्वतः चालल्यावर कळतं.

घड्याळं सकाळीच काढून घ्या आणि वर्गात घटिकापात्र ठेवा. हे करायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भारी आहे. तांब्याची पातळ वाटी, तळाला बारीक भोक, पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटिकांचा दिवस-रात्र. भोक केवढं पाडायचं हे मुलांना प्रयोग करून ठरवू द्या, आधी दोन-तीन वाट्या बिघडतील, बिघडू द्या, जुन्या बाजारात अशा वाट्या स्वस्तात मिळतात. मग दोन मुलांची ड्यूटी लावा, वाटी बुडाली की टोल द्यायचा आणि वाटी परत तरंगवायची. जरा दुर्लक्ष झालं की अख्ख्या शाळेची वेळ चुकते. वेळ राखणं हे कोणाचं तरी नोकरीचं काम होतं हे त्या दोघांना आयुष्यभर लक्षात राहील.

बाजार भरवा, पण ग्रॅम-किलो बंद. चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. तुमच्या शाळेतल्या कोणाच्या तरी गावाकडच्या घरात ही मापं अजून नक्की असतील, पालकांना विचारा. पुठ्ठ्याच्या शिवराया करा, शिवराई हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांनी सुरू केलं आणि पुढे कितीतरी काळ ते चालत राहिलं. आणि भाव असे लावा की अपूर्णांक येतील, म्हणजे मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही का पाठ करायचे ते मुलांना समजेल. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनचा पाढा कशाला हवा असं मुलं आधी विचारतात आणि साडेतीन शेर ज्वारीचा हिशेब तोंडी करायची वेळ आली की गप्प होऊन पाठ करायला लागतात.

ह्याशिवाय एक जातं मिळवा, एक उखळ-मुसळ, बोरू आणि दौत, पत्रावळी लावायला पानं आणि चोया, वाती वळायला कापूस. पण मुलांना दर पाच मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पळवू नका. प्रत्येकाला एकच काम द्या आणि निदान दोन घटिका तेच करू द्या. जात्यावर पहिल्या दहा मिनिटांत हसू येतं, मग हात भरून येतो, मग दोघी समोरासमोर बसून खुंट्याला हात लावतात, आणि मग आपोआप कोणीतरी ताल धरतं. ओवी का म्हणायचे ते तिथे समजतं, सांगावं लागत नाही. आणि एवढं दळून पीठ किती निघालं ते मापट्याने मोजा, किती भाकऱ्या होतील ते विचारा, घरात दहा माणसं असतील तर किती वेळ दळावं लागेल ते काढा.

शेवटी एका खोलीच्या खिडक्या बंद करा, तेलाचा एकच दिवा लावा आणि सगळ्यांना त्या उजेडात चार ओळी बोरूने लिहायला सांगा. एखाद्या मोडी जाणणाऱ्याला बोलवता आलं तर बघा, पुण्यात मोडी शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही भरपूर आहेत, मुलांना स्वतःचं नाव मोडीत लिहून दिलं तरी ती खूश होतात.

आणि मुलांना भूमिका हव्याच असतील तर एकनाथांच्या भारुडांकडे बघा. ती १७५५ च्या आधीची आहेत पण त्यातली माणसं, वासुदेव, जोशी, गोंधळी, पुण्याच्या रस्त्यावर तेव्हाही हिंडत होतीच. महाराज एकच होऊ शकतो, वासुदेव मात्र कितीही चालतात.

"वरच्यासारखंच, पण आमच्या सोसायटीत. गणपतीत पेशवाई थाळी ठेवतोय. मेनू: साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, पुरणपोळी, चहा. चालेल ना?" (औंध)

पुरणपोळी चालेल! बाकीचं सांगते. आजचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा, म्हणजे आपल्या उपासाच्या खिचडीची जवळजवळ सगळी पाळंमुळं समुद्रापलीकडची आहेत. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याला उतरली आणि पेशवाईपर्यंत आपल्याकडे रुळली होती, तेव्हा ती ठेवा. बटाटा आणि टोमॅटो रोजच्या स्वयंपाकात आले ते इंग्रजी अमदानीत, चहाचंही तसंच. त्याऐवजी वरण-भात, अळूची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, आमसुलाचं सार, मेतकूट, ताक, आणि गोडाला पुरणपोळी नाहीतर केशरीभात. केळीच्या पानावर वाढा आणि वाढायचा क्रम पाळा, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. पंगत बसवा, बुफे नको. मुलांना वाढायला लावा, वाकून वाढणं हेही शिकायचं काम आहे.

फक्त एक करा, शेजारी एक छोटं ताट अजून मांडा, ज्वारीची भाकरी, कांदा, चटणी, ताक. पुण्यातली बहुतेक घरं रोज ह्याच्या आसपासचं जेवत होती, आणि पेशवाई थाळी म्हटल्यावर ते ताट कोणालाच आठवत नाही.

"जुन्या काळाचं कौतुक चाललंय पण त्या पुण्यात आमच्या लोकांना हौदाला हात लावता येत नव्हता. मुलींना शाळा नव्हती. विधवांचे काय हाल होते ते सगळ्यांना माहितीय. तुमच्या जत्रेत हे कुठे बसतं?" (येरवडा)

तुमचा प्रश्न ह्या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मी वरच्या बाईंनाही तो वाचायला सांगतेय. रोजचं जीवन दाखवायचं म्हटलं की पाणी आलंच, आणि पाणी आलं की ते कोणाला मिळत होतं हेही आलंच. ते वगळून केलेला दिवस खोटा होईल, माझं ह्याबाबतीत दुसरं मत नाही. अमेरिकेतल्या जत्रांवरही हीच टीका होते आणि ती बरोबर आहे, एलिझाबेथच्या लंडनमध्ये १५९२-९३ ला प्लेगमुळे नाटकघरं बंद ठेवावी लागली होती, बेघर भटक्यांना फटके मारायचे कायदे होते, आणि जत्रेतल्या त्या हसऱ्या गावात ह्यातलं फारसं काही दिसत नाही.

पण कसं दाखवायचं ह्याची काळजी घ्यायला हवी. कुठल्याही मुलाला अस्पृश्य "करून" दूर उभं करू नका, कुठल्याही मुलीला विधवेची भूमिका देऊ नका, अपमानाची नक्कल करून घेतली तर ज्याच्या घरात तो अपमान खरोखर झालेला आहे त्या मुलाला तो परत सोसावा लागतो. त्यापेक्षा हौदापाशी उभं राहून मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगा की इथे कोणाला येता येत नव्हतं आणि त्यांना पाण्यासाठी काय करावं लागायचं. आणि गोष्ट पुढे न्या. १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे सगळं चालत जाण्याएवढ्या अंतरात घडलंय. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर मुलगे अक्षरं गिरवतायत हे दाखवाल तेव्हा मुलींना विचारा की तुम्ही ह्या वेळी कुठे असता, आणि त्यांना उत्तर शोधू द्या. ज्या घरांना हौद बंद होता त्या घरातल्या आजी-आजोबांना बोलावून त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काय सांगत आलेत ते ऐकता आलं तर त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी बोलायला तयार असेल तर मला जरूर लिहा, बाईंशी गाठ मी घालून देईन.

"परदेशी जाणं होणार नाही. पुण्यातच एका रविवारी मुलांना घेऊन जुना रोजचा संसार बघायचा असेल तर कुठे जाऊ?" (धनकवडी)

राजा दिनकर केळकर संग्रहालय, बाजीराव रोडला. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू आहेत, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे सगळं महाराष्ट्र सरकारला दिलं. २० हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात. तिथे शस्त्रांच्या दालनात मुलं रेंगाळतात, रेंगाळू द्या, पण मग त्यांना अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दिवे, स्वयंपाकाची भांडी ह्यांच्यापाशी आणा आणि प्रत्येकाला एक वस्तू निवडून ती कोण, कधी, कशी वापरत असेल ते सांगायला लावा. एका अडकित्त्यावर एवढं नक्षीकाम का केलं असेल ह्यावर माझी भाची आणि मी घरी येईपर्यंत बोलत होतो.

विश्रामबाग वाडा बाहेरून बघा, दुसऱ्या बाजीरावाचा, लाकडी खांब आणि सज्जा बघण्यासारखा आहे, आत जाता येतं का ते त्या दिवशी विचारा. शनिवारवाडा बघाच, पण तिथे सांगा की आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला आणि आपण बघतोय तो तट, दरवाजे आणि जोती.

मग कसबा पेठेत तांबट आळी. रविवारी जायचं ठरवलंत तर आधी चौकशी करा, कामाच्या दिवशी सकाळी गेलात तर उत्तम, लांबूनच ठोक्यांचा आवाज येतो. पेशवाईपासून तांबट कारागीर इथे वस्तीला आहेत आणि हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्याच्या भांड्याला ठाशीव गोल खुणा पाडायचं त्यांचं काम आजही चालू आहे. जवळच बुरूड आळी आहे, बांबूच्या टोपल्या, सुपं. ही लोकांची कामाची जागा आहे, तेव्हा फोटो काढायच्या आधी विचारा, मुलांना बाजूला उभं करा, आणि जमलं तर काहीतरी विकत घ्या. घटिकापात्रासाठी वाटी हवी असेल तर तीही इथेच करून मागा, भोक मात्र घरी पाडा.